पट्टा शेवटपर्यंत ओढून

आज कोथरूडला एक जुनी वॅगन आर बघून आलो. गाडी चकाचक धुतलेली, सीटकव्हरं नवी. मला मात्र थंड इंजिन हवं होतं, म्हणून गाडी विकणाऱ्या काकांना आधीच सांगितलं होतं, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पहिल्याच सेल्फला सुरू झाली, धूर नाही.

मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पुरात बुडालेली गाडी आतून नवं मॅटिंग घालून सजवता येते, पण पट्ट्याच्या गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ बऱ्याचदा राहून जाते. इथे पट्टा स्वच्छ निघाला. बॉनेटच्या बोल्टांवर मात्र पान्याचे ओरखडे, रंग उडालेला. म्हणजे बॉनेट कधीतरी उतरलंय. टायरवर २३१९, म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबराला बारीक तडे. टायर बदलता येतील. बॉनेटचं काय?

आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय. कर्ज फिटलंय म्हणतात. काका सज्जन वाटले, तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय विसार द्यायचा नाही. या गाडीत आई बसणार आहे. उद्या आमच्या मेकॅनिकला घेऊन जातो.