वुपर नदीच्या डोक्यावरून

ओबरबार्मेन स्टेशनला आलेली पहिली गाडी मी सोडून दिली. मला आधी तिचं छत बघायचं होतं. या गाडीचं सगळं मर्म छताच्या वर आहे. तिथे एकच रूळ आहे आणि दोन्ही अंगांना कडा असलेली पोलादी चाकं एकामागोमाग त्यावर बसलेली असतात. चाकांपासून निघालेला जाडजूड लोखंडी हात रुळाला वळसा घालून खाली येतो आणि अख्खा डबा पेलतो. डब्याखाली काहीही नाही. फलाटाच्या टोकाला जाऊन वाकून पाहिलं, तर खाली वुपर नदीचं उथळ, तपकिरी पाणी गोट्यांवरून वाहत होतं.

पुढच्या गाडीत चढलो. पाऊल टाकलं तसा डबा झोपाळ्यासारखा किंचित बाजूला गेला आणि परत आला. माझ्या मागून एका बाईने बाबागाडी आत घेतली, तेव्हा पुन्हा तसंच. बाकी कुणी मान वर केली नाही. पश्चिम जर्मनीतल्या वुपरटाल शहराची ही रोजची लोकल आहे. लोक हिने कामावर जातात, पोरं शाळेत जातात.

१ मार्च १९०१ रोजी ही श्वेबेबान, म्हणजे टांगती रेल्वे, लोकांसाठी सुरू झाली. त्याआधी, ऑक्टोबर १९०० मध्ये, सम्राट दुसरा विल्हेल्म हिच्यात बसून गेला होता. त्याचा डबा अजून जपून ठेवला आहे आणि खास फेऱ्यांसाठी तो बाहेर काढतात. कल्पना कोलोनच्या ऑइगेन लांगेनची. निकोलाउस ओटोबरोबर इंजिनांचा कारखाना काढणारा, साखरेच्या धंद्यातही असलेला हा उद्योजक १८९५ मध्येच वारला. आपली गाडी धावताना त्याला बघायला मिळाली नाही, याची मला खिडकीशी बसल्या बसल्या फार हळहळ वाटली.

गाडी वर टांगायची वेळ का आली, हे दोन स्टेशनं गेली की कळतं. दोन्हीकडे डोंगरउतार, मधे चिंचोळी दरी, दरीत नदी आणि नदीच्या दोन्ही काठांना खेटून कापडगिरण्या, रंगाचे कारखाने, घरं. बार्मेन आणि एल्बरफेल्ड ही तेव्हा वेगवेगळी शहरं होती आणि दोन्ही माणसांनी तुडुंब भरली होती. रस्त्यावर रूळ टाकायला जागा नव्हती. मोकळी होती ती फक्त नदीच्या वरची हवा. म्हणून दोन्ही काठांवर तिरपे पाय रोवून पोलादी कमानी उभ्या केल्या आणि त्यांवर मार्ग बांधला. एकूण १३.३ किलोमीटर, त्यातले सुमारे १० किलोमीटर थेट नदीवरून. वळणावर डबा बाहेरच्या अंगाला झुकतो, समोरच्या इमारती तिरप्या होतात आणि पोटात हलकासा खड्डा पडतो. पहिल्या वळणाला मी दांडा घट्ट धरला, नंतर सोडून दिला.

आल्टर मार्क्ट स्टेशन सुटलं तसा मी उजवीकडे-डावीकडे शोधू लागलो. एका घराच्या भिंतीवर हत्तीचं चित्र आहे. २१ जुलै १९५० रोजी आल्टहॉफ सर्कशीच्या मालकाने जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू या गाडीत चढवलं. डब्यात बातमीदार आणि छायाचित्रकार दाटीवाटीने उभे. डबा हलायला लागला, पिल्लू बिथरलं आणि डब्याची बाजू फोडून सुमारे १२ मीटर खाली वुपरमध्ये पडलं. नदीला पाणी बेताचंच, पण तळ मऊ. टुफीला किरकोळ खरचटलं तेवढंच. डब्यातल्या धावपळीत काही माणसांनाही लागलं. सर्कशीचा मालक आणि परवानगी देणारा अधिकारी, दोघांना दंड झाला. हत्ती पडतानाचं जे छायाचित्र जगभर फिरतं, ते नंतर जुळवून केलेलं आहे. खरा क्षण कुणाच्याच कॅमेऱ्यात आला नाही. टुफी १९८९ पर्यंत जगली. शहराने तिला लाडाने जपलं आहे, दुधालासुद्धा तिचं नाव दिलं. मला मात्र भिंतीवरच्या त्या चित्राकडे बघताना वाईटच वाटलं. हलत्या, बंद डब्यात माणसांच्या गर्दीत उभं केलेलं ते चार वर्षांचं पिल्लू किती घाबरलं असेल!

मुख्य स्टेशन मागे पडलं आणि थोड्याच वेळात रॉबर्ट-डाउम-प्लाट्झ आलं. इथे मी उतरलो, ते इथे झालेल्या अपघातासाठी.

१२ एप्रिल १९९९, सोमवारची पहाट. शनिवार-रविवारी मार्गाच्या दुरुस्तीचं काम झालं होतं. कामापुरता रुळावर बसवलेला एक पोलादी पकडसांगाडा काढायचा राहून गेला. दिवसाची पहिली गाडी वेगात त्याच्यावर आदळली, पुढची चाकं उखडली आणि गाडी नदीत कोसळली. पाच माणसं गेली, सत्तेचाळीस जखमी झाली. तोवर ९८ वर्षांत, दोन महायुद्धं धरून, या गाडीच्या अपघातात एकही प्रवासी दगावला नव्हता. पण ती पडली ती टांगलेली होती म्हणून नव्हे. जमिनीवरच्या रुळावर लोखंड विसरलं असतं, तर तिथेही गाडी घसरलीच असती. रात्रीचं काम, सकाळची पहिली गाडी ठरलेल्या वेळी सोडायची घाई आणि शेवटची पाहणी अपुरी, एवढं जमून आलं की कुठलीही रेल्वे उलटते. काठाच्या कठड्याशी उभा राहून मी खाली बघत होतो. डोक्यावरून दर काही मिनिटांनी गाडी जात होती. जाताना कमान घुमायची आणि त्या घुमण्याची थरथर कठड्यावरच्या हातात उतरायची.

तिथे मला मडगाव आठवलं. कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या कल्पनेतून तिथे स्कायबस उभारली होती, अशीच वरून टांगलेली. दीडेक किलोमीटरचा चाचणीमार्ग होता. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणी चालू असताना अपघात होऊन एक कर्मचारी मरण पावला. पुढे प्रकल्प रखडला आणि २०१३ मध्ये मार्गाचा सांगाडा उतरवला. गोव्याला जाताना ते खांब मी कित्येकदा पाहिले होते. वुपरटालला पाच माणसं गेल्यानंतर साधारण आठ आठवड्यांत गाडी पुन्हा धावू लागली, कारण तिच्याशिवाय शहराचं पान हलत नव्हतं आणि पाठीशी जवळजवळ शतकभराचा अनुभव होता. मडगावला ती पुंजी नव्हती, हे मान्य. तरीही आपल्या दाटीच्या शहरांसाठी ही कल्पना आणखी कसून तपासायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा गाडीत बसलो. एल्बरफेल्डच्या पश्चिमेला गाडी बायरच्या कारखान्याच्या मधूनच जाते, दोन्ही बाजूंना नळकांड्यांचं जाळं. अ‍ॅस्पिरिन १८९७ मध्ये इथेच, बायरच्या प्रयोगशाळेत तयार झालं. झोनबॉर्नला गाडी नदी सोडते आणि उरलेले तीन किलोमीटर रस्त्याच्या वरून जाते. हा तुकडा मला सर्वांत आवडला. पोलादी मांडव अख्ख्या रस्त्यावर घातलेला, त्याखाली मोटारी आणि दुकानं, आणि डब्याची खिडकी घरांच्या वरच्या मजल्यांच्या उंचीला. एका स्वयंपाकघरात एक आजोबा बटाटे सोलत होते. गाडी त्यांच्या खिडकीसमोरून गेली, त्यांनी वर पाहिलंही नाही.

फोविंकेल हे शेवटचं स्टेशन. ही गाडी एकाच तोंडाची, चालक फक्त पुढे. म्हणून शेवटच्या टोकाला ती वळसा घेऊन फिरते आणि तिच्या मागच्या काचेशी प्रवाशांना बसता येतं. परतीला मी तीच जागा धरली. ओबरबार्मेनपर्यंतचा पूर्ण मार्ग अर्ध्या तासाचा. जायचं असेल, तर मागची काच गाठा.