नव्या कर्नलवर वाय-फाय

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलं, की दुसऱ्या दिवशी डिस्पॅचमधून फोन ठरलेला : "सर, वाय-फाय दिसतच नाही." पुणे रस्त्यावरच्या आमच्या चिंचोळी एमआयडीसीत गाडी भरून उभी असते आणि ई-वे बिल अडकलेलं असतं.

मी पोचेपर्यंत कुणीतरी राउटर बंद-चालू करून पाहिलेला असतो, पासवर्डही बदललेला असतो. त्याच वाय-फायवर सगळ्यांचे मोबाइल चालत असतील, तर राउटरला कशाला हात लावायचा? आधी एवढंच बघायचं, की मशीनला कार्ड दिसतंय का आणि त्याला ड्रायव्हर लागलाय का. 'एलएसपीसीआय -के' ही कमांड दोन्ही सांगते. ड्रायव्हरची ओळच नसेल, तर निम्मं निदान तिथेच झालं.

२२.०४ सोबत आलेला कर्नल ५.१५ होता, २४.०४ सोबतचा ६.८. इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे ती सहसा त्रास देत नाहीत. जुन्या ब्रॉडकॉमचे आणि काही रिअलटेक कार्डांचे ड्रायव्हर मात्र बाहेरून घातलेले. कर्नल बदलला, की ते नव्याने बांधावे लागतात. डीकेएमएस हे काम आपोआप करतं, पण नव्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्या की तेही अडतं. सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हरवर सहीही लागते. त्या सहीची चावी नोंदवायला रीस्टार्ट होताना निळा स्क्रीन येतो, दहा सेकंद वाट बघतो आणि निघून जातो. सकाळच्या गडबडीत तिकडे कोण बघणार! मग बांधून तयार असलेला ड्रायव्हरसुद्धा कर्नल आत घेत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळ खाणारं दुखणं हेच.

"फॉरमॅट मारू का?" असं नवीन पोरं लगेच विचारतात. मला ते पटत नाही. कारण न शोधता सुरू केलेलं मशीन पुढच्या अपडेटला पुन्हा तिथेच बसतं. त्यापेक्षा ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल सुरू करावा. त्यावर वाय-फाय लागलं, तर गाडी सुटते आणि दोष नव्या कर्नलच्या ड्रायव्हरकडे आहे हेही कळतं. नाहीच लागलं, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंगवर हेडर उतरवून घ्यावेत.

म्हणून कारखान्यातल्या मंडळींना एकच विनंती : अपग्रेडच्या शेवटी जुनी पॅकेजं काढू का असं विचारलं, तर लगेच हो म्हणू नका. नव्या कर्नलवर वाय-फाय आणि प्रिंटर नीट चाललेले बघा, मगच जुना काढा.