पटाशीचें पाणी

आजोबांच्या पेटींतील सर्व हत्यारांत एक पाऊण इंची पटाशी त्यांस विशेष प्रिय होती. ती ते दुसऱ्याच्या हातीं कधीं देत नसत. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत ते परगांवीं गेले असतां मीं ती एका खिळ्यावर आपटून बोथट केली, आणि ही चूक झांकण्याच्या भरांत तीहून मोठी चूक करून बसलों. लोहार लोखंड तापवून पाण्यांत बुडवितो, एवढें मीं पाहिलें होतें. तेवढ्या विद्येवर कोळशाची शेगडी फुंकून मीं पातें पिवळें होईपर्यंत तापविलें व सबंध पटाशी थंड पाण्याच्या बादलींत टाकली. धार लावल्यावर ती वस्तऱ्यासारखी कापूं लागली. परंतु सागाच्या फळीवर पहिला ठोका पडला मात्र, पातें बांगडीसारखें काडकन् तुटलें.

दोन्ही तुकडे घेऊन मी गांवांतील लोहारदादांकडे गेलों. त्यांनीं तुटलेली बाजू उन्हाकडे धरली. ती खडीसाखरेसारखी जाड दाणेदार दिसत होती. "पोरा, पाणी चढवलंस, पण उतरवलं नाहींस. उद्यां ये," एवढेंच ते म्हणाले.

त्या वाक्याचा अर्थ मला पुढें शाळेंत उलगडला. पोलाद म्हणजे लोखंड व त्यांत थोडासा कार्बन. पटाशीच्या पोलादांत तो शेंकडा एकाच्या आसपास असतो. सुमारें ७२७ अंश सेंटिग्रेडच्या वर लोखंडाच्या परमाणूंची मांडणी पालटते, आणि त्या मांडणींत कार्बन, पाण्यांत साखर विरघळावी तसा, सामावून जातो. निवतांना जुनी मांडणी परत येऊं पाहते. तींत कार्बनास जागा जवळजवळ नसते. पोलाद राखेंत सावकाश निवूं दिलें तर कार्बनास बाहेर पडण्यास सवड मिळते, व मऊ लोखंड आणि कठीण कार्बाइड यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक बसतात. सूक्ष्मदर्शकाखालीं ते शिंपल्याच्या आंतील बाजूसारखे चमकतात, म्हणून या रचनेस पर्लाइट म्हणतात. असें पोलाद कानशीनें घांसतां येतें. पाण्यांत मात्र तें क्षणांत निवतें. कार्बन आंतच कोंडला जातो, मांडणी ताणली जाते, आणि मार्टेन्साइट नांवाची सुयांसारखी रचना उत्पन्न होते. तिचा कठीणपणा पर्लाइटच्या तिपटीहून अधिक, पण ती कांचेसारखी ठिसूळ. मीं तर पोलाद अतोनात तापवून त्याचे कणही मोठे करून ठेविले होते. दोन्ही पोलादांत घटक अगदीं तेच. भेद फक्त निवण्यास मिळालेल्या वेळाचा, याचें मला अजून नवल वाटतें. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीनें पोलाद घांसून, आम्लानें खाववून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तें १८६३-६४ च्या सुमारास. लोहार तोंपर्यंत शेंकडों वर्षें पाणी देत आले होते.

दुसऱ्या दिवशीं गेलों तों लोहारदादांनीं उरलेलें पातें ठोकून नीट केलें होतें व रात्रभर राखेंत पुरून ठेविलें होतें. धारेकडील भाग जास्वंदीसारखा लाल होतांच त्यांनीं बोटभर टोंक तेवढें पाण्यांत बुडवून बाहेर काढलें, आणि विटेच्या तुकड्यानें घांसून चकचकीत केलें. वरच्या भागांत राहिलेली उष्णता आतां खालीं उतरूं लागली, व त्या चकाकीवरून रंग सरकूं लागले: पुढें गवती पिवळा, त्यामागें तपकिरी, जांभळा, निळा. दादांची पापणी लवत नव्हती. पिवळा रंग धारेशीं पोंचला आणि त्यांनीं सबंध पटाशी पाण्यांत घातली. तो रंग सुमारें २३० अंशांचा. तेवढ्या उष्णतेनें कोंडलेला कार्बन थोडा सुटतो, ताण कमी होतो, व थोडा कठीणपणा जाऊन चिवटपणा येतो. निळा रंग, म्हणजे सुमारें ३०० अंश, धारेपर्यंत येऊं दिला असता तर तें पोलाद स्प्रिंगेस चाललें असतें, पटाशीस नाहीं. उष्णतामापक तेथें कोठेंच नव्हता.

पटाशी दीड इंच आंखूड झाली होती. आजोबा परत आले तेव्हां मीं ती त्यांच्या हातीं देऊन सर्व सांगून टाकलें. ते कांहीं बोलले नाहींत. अंगठ्यानें धार पाहिली, अर्धवट राहिलेली दाराची चौकट पुढें ओढली, आणि तिनेंच खांच पाडूं लागले. संध्याकाळीं तेल लावून त्यांनीं ती पेटींत ठेविली. पेटीस कुलूप मात्र त्या दिवसापासून लागूं लागलें.