वॉशच्या काठावरचे मोजणीदार

मुलगी बोस्टनला असते. अमेरिकेतले नव्हे, ते नाव जिथून तिकडे गेले, ते इंग्लंडमधले, लिंकनशायरचे. तिथून स्केगनेसला जाताना वेनफ्लीट गाव लागते. गावापलीकडे मातीचा बांध आणि बांधापलीकडे वॉशचा उपसागर. ओहोटीला समुद्र पार दिसेनासा होतो, उरतो नुसता चिखल.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदल या चिखलावर बॉम्बफेकीचा सराव करी. १९४३ साली जर्मनीतली धरणे फोडणाऱ्या ६१७ स्क्वाड्रनचाही सराव इथे झाला. आम्ही सांबऱ्याच्या धावपट्टीजवळ वाढलो, विमानांचे आम्हाला नवल नाही. नवल वाटले ते खाली बसून नेम मोजणाऱ्यांचे.

सरावाचा बॉम्ब जेमतेम पाच किलोचा. दिवसा तो धूर सोडी, रात्री लख्खकन चमके. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठाण्यांत माणसे दुर्बिणीसारखे यंत्र घेऊन बसत. चमक दिसली की दोघेही आपापल्या जागेवरून तिचा कोन फोनवर कळवत. नकाशावर दोन रेघा ओढायच्या. जिथे छेदतील तिथे बॉम्ब पडला. रात्री डोळा क्षणभर हलला की गुण बुडाले! आपल्याकडचे मोजणीदार शेतात प्लेन टेबल मांडून करत, तीच ही रीत. बांधाच्या भांडणात कोणाच्याच शब्दावर विसंबता येत नाही, म्हणून ते बोलवायचे.

शत्रूच्या मुलखात मात्र असा मोजणीदार नव्हता. परतलेले वैमानिक लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगत, आणि तेच धरले जाई. ऑगस्ट १९४१ मध्ये बट या सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून काढलेली सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासली. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद असलेल्या विमानांपैकी तीनातले एकच पाच मैलांच्या आत पोचले होते. खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. अंधारात, तोफा धडाडत असताना, माणसाला खात्री वाटतेच. पण त्या खात्रीपायी किती विमाने गेली, आणि खाली भलतीच गावे किती भाजली असतील!

वेनफ्लीटची रेंज २०१० च्या सुमारास बंद झाली. उपसागरापलीकडे होलबीचची मात्र चालू आहे. अंधार पडल्यावर आम्ही बांधावर उभे होतो. तिकडे विमानांचा आवाज घुमला, क्षणभर काहीतरी चमकले.

"कुठे पडलं, बाबा?" मुलीने विचारले.

मी दिशा दाखवली. अंतर सांगता येईना. दुसऱ्या ठाण्यावर आमचे कोणी नव्हते.