तिसरा कागद

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासून आम्ही नुकतेच आडवे झालो होतो, तेवढ्यात शारजाहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेनऊ झाले होते. सलाम-दुआ झाली, अम्मीची तब्येत विचारून झाली, तरी हा फोन ठेवीना. मग हळूच म्हणाला, "मामू, नाना असते तर त्यांनाच विचारलं असतं. तुम्ही त्यांच्या हाताखाली होता ना?"

होतो. मरहूम अब्बा इंझोरीत डिझेल इंजनाचे मिस्त्री होते. आम्ही पुढे बी.एड. करून मास्तर झालो, पण बालपण सगळे रॉकेल आणि ग्रीसच्या वासात गेले. (वाचकांपैकी कोणी विचारील, हे ‘आम्ही’ कशाला? आमच्या घरी ‘मैं’ कोणी म्हणत नाही, ‘हम’च चालते. तीच सवय मराठीत आली. वर्गातली मुले त्याला हसतात.)

भाच्याने आयटीआय केले आणि तो तिकडे एका गॅरेजात लागला. तिथे रोटरी इंजनाच्या गाड्या येतात. या इंजनात वरखाली जाणारा पिस्टन नसतो. तिकोनी रोटर एका लांबट पोकळीत फिरतो आणि त्याचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचे असे पहिले इंजन 1957 साली चालले. जपानच्या माझदा कंपनीने 1967 पासून ते गाडीत विकले आणि 1991 साली अशाच इंजनाच्या गाडीने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आपल्याकडच्या रस्त्यांवर ते दिसत नाही. आखातात मात्र त्याचे शौकीन आहेत आणि ते इंजनावर जीव टाकतात.

भाच्याची अडचण शाफ्टच्या ढिलीची होती. इंजन जोडल्यावर शाफ्ट लांबीच्या दिशेने किंचित पुढे-मागे सरकला पाहिजे. त्याला ते एंड प्ले म्हणतात, अब्बा नुसते ‘ढील’ म्हणत. भाच्याच्या इंजनाला ती 0.04 ते 0.07 मिलिमीटर हवी. पाचशे कागदांचे रीम साधारण पाच सेंटिमीटर जाड असते, म्हणजे एक कागद झाला 0.1 मिलिमीटर. ही ढील त्याहूनही कमी! फ्लायव्हीलला डायल गेज लावायचा, फ्लायव्हील पुढे-मागे ढकलायचे आणि सुई किती हलली ते बघायचे. ढील कमी-जास्त करायला इंजनाच्या तोंडाकडे शाफ्टवर एक छोटा पोलादी स्पेसर असतो. तो लांब घातला की ढील वाढते, आखूड घातला की कमी होते. एवढा काटेकोरपणा कशाला, तर क्लच दाबला की शाफ्टवर लांबीच्या दिशेने जोर येतो. तो जोर स्पेसरभोवतीच्या दोन चपट्या बेअरिंग घेतात, सुयांसारख्या बारीक रोलरच्या. ढील नसेल तर त्या तापून जातात, जास्त असेल तर शाफ्ट दर वेळी धक्के देतो.

"मग तुझी किती आली?"

"दुपारी 0.05 आली मामू. कागदावर लिहून सहीही केली. मग लक्षात आलं, पुढच्या बोल्टची रबरी रिंग टाकायची राहिली. इंजन तोवर आडवं केलं होतं. तसाच बोल्ट काढला, रिंग टाकली, परत आवळला."

"मग?"

"मग काही नाही. पण इंजन आडवं असताना तो बोल्ट काढू नये, असं उस्ताद म्हणतात. आतली बेअरिंग जागेवरून घसरू शकते. म्हणून जोडताना इंजनाचं तोंड वर करतात. आता परत मोजायचं तर क्लच उतरवा, गेज लावा. उस्ताद घरी गेले. गाडीवाला सकाळी येतोय. आणि कागदावर तर 0.05 आहेच."

मुलाला उत्तर माहीत होते. कोणीतरी ‘असू दे’ म्हणावे एवढ्यासाठी त्याने फोन केला होता. हे आम्ही चटकन ओळखले, कारण तीस वर्षांपूर्वी आम्हीही असेच ‘असू दे’ म्हटले होते, मनातल्या मनात.

आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. त्या काळी विहिरींवर लिस्टर नमुन्याची मोठी इंजने असत, मूळ इंग्लंडची घडण, बनलेली राजकोटकडे. दोन जड फ्लायव्हील, मिनिटाला 650 फेरे, आवाज पार गावठाणापर्यंत. त्यांच्या क्रँकला दोन्हीकडे निमुळत्या रोलरची बेअरिंग असे आणि बेअरिंगच्या घराखाली कागदाचे पॅकिंग. ढील तिथेच ठरायची. कागद वाढवला की ढील वाढे, काढला की कमी. अब्बांकडे डायल गेज कुठला? पहारीने क्रँक सरकवून, बोट लावून ते सांगत. शाफ्ट तापला की लांबतो, हे आम्हाला त्यांनी शाळेच्या आधी शिकवले. आता आम्ही वर्गात त्याचे गणित घालतो: 30 सेंटिमीटरचा पोलादी शाफ्ट बाहेरच्या बीडाच्या खोक्यापेक्षा 20 अंशांनी जास्त तापला, तर सुमारे 0.07 मिलिमीटर जास्त लांबतो. आधीच ढील नसेल तर ही लांबी जाणार कुठे?

एका काकांचे इंजन आले होते. गहू ओंबीवर होता, पाण्याची घाई. अब्बांनी वहीचे तीन कागद कापून घेतले, ढील बघितली, ठीक झाली. मग तेलाच्या सीलसाठी ते घर पुन्हा उघडावे लागले. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. "कागद नीट ठेव, परत तसेच लाव," म्हणून अब्बा मशिदीत गेले. तीनपैकी एक कागद तेलाने चिकटलेला होता, सोडवताना फाटला. दुसरा कापायला हवा होता. कात्री घरात होती, बाहेर अंधार, आणि काका बैलगाडी जुंपून उभे. आम्ही दोनच लावले.

अब्बांनी परत येऊन कंदिलाच्या उजेडात बोल्ट आवळले. विचारले, "तीनों डाले?"

"जी."

त्यांनी पुन्हा मोजले नाही. मुलावर भरवसा ठेवला.

तिसऱ्या रात्री बेअरिंग जळाली, क्रँक अडकला. अब्बांनी पदरच्या पैशाने बेअरिंग आणली, मजुरी घेतली नाही. पण इंजन उभे राहीपर्यंत आठ दिवस गेले आणि गव्हाचा दाणा बारीक पडला. काकांनी पुढे कधी आमच्याकडे काम दिले नाही, त्यांचे पाहून आणखी दोघांनी दुसरा मिस्त्री धरला. अब्बा म्हणत, "हाताचा अंदाज चुकला." मरेपर्यंत तेच म्हणत होते. आम्ही ऐकत होतो.

हे सगळे त्या रात्री भाच्याला सांगितले. याआधी कोणालाच, बेगमलाही सांगितले नव्हते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक है मामू, खोलतो," आणि फोन ठेवला.

पहाटे फजरनंतर पाहिले तर त्याचा फोटो आलेला. एक बेअरिंग स्पेसरच्या कडेखाली सापडून चेपली होती, तिचा पिंजरा दुमडलेला. बोल्ट काढण्याआधी त्याने गेज लावला होता, सुई 0.20 च्याही पुढे गेली होती. खाली लिहिले होते: नवी बेअरिंग टाकली, इंजन उभे करून जोडले, 0.05, दोनदा मोजले. दुपारचा कागद फाडला. उस्तादांना काय सांगणार, ते मात्र लिहिले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही.

बाजूच्या खाटेवर अम्मी रात्रभर जागी होती, हे चहाच्या वेळी कळले. अब्बांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊन ये."

काका आता नाहीत. मुलगा शेती बघतो, वयाने आमच्याएवढाच. रविवारी त्याच्या अंगणात बसून आम्ही कागदाची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, मध्येच सोयाबीनच्या कट्ट्यांकडे बघत होता.

"बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, मिस्त्री घाईत होता," तो म्हणाला.

"घाईत नव्हते. त्यांनी आम्हाला विचारलं होतं."

त्याने मान हलवली. आत बघून चहा टाकायला सांगितले. मग म्हणाला, "ते इंजन तर कधीच भंगारात गेलं, मास्तर. पण हे माझ्या थोरल्या भावालाही सांगा. तो कारंज्याला असतो. त्याच्या डोक्यात अजून तेच आहे."

पुढच्या रविवारी कारंज्याला जायचे ठरले आहे.