सगळ्यात भारी गोलकीपर कोण? पाचवीच्या वर्गातला एक वाद



२९ ऑगस्ट म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिन, मेजर ध्यानचंद यांची जयंती. परिपाठात आपण त्यांची माहिती सांगतो, फोटोला हार घालतो, दोन शर्यती घेतो, की झाला दिवस साजरा. यंदा मी पाचवीच्या मुलांचा वादविवाद घ्यायचं ठरवलं. मराठीचं तोंडी कामही त्यात होऊन जातं. ध्यानचंदांवर वाद होणारच नाही, सगळे एकाच बाजूला. म्हणून विषय दिला, भारताचा सगळ्यात भारी गोलकीपर कोण?

विषय सुचला त्याचं कारण सांगते. पाथर्डी तालुक्यातली आमची शाळा छोटी. हॉकीच्या काठ्या आमच्याकडे नाहीत, रबरी बॉलचा फुटबॉल खेळतो. गोलमध्ये कोण उभं राहणार? ज्याला पळता येत नाही तो. हे तुमच्याही शाळेत असंच असणार. आमच्याकडे पाचवीतली एक मुलगी उभी राहते. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीच्या शाळेशी मॅच झाली, तिनं पाच गोल खाल्ले आणि मी सगळ्यांसमोर म्हणून गेले, “अगं, एक तरी अडवायचास!” पुढचे दोन दिवस ती खेळाच्या तासाला वर्गाबाहेर आली नाही. चूक माझी होती, पण ते मला लगेच कळलं असं नाही.

असो. फळ्यावर पहिलं नाव लिहिलं रिचर्ड ॲलन. जन्म १९०२, नागपूर. “म्हणजे आपल्या महाराष्ट्रातला!” वर्ग खूश. (तेव्हा नागपूर मध्य प्रांतात होतं, पण तेवढ्यासाठी कशाला हिरमोड करा.) १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतानं पाच सामन्यांत २९ गोल केले आणि ॲलननं खाल्ले शून्य. एक मुलगा लगेच उठला, “शून्यापेक्षा कमी कसे खाणार मॅडम? संपला वाद!”

मग दुसरं नाव, शंकर लक्ष्मण. गाव महू. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून मुलांना ते पाठच आहे. हे गडी सैन्यात बँडमध्ये भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आधी फुटबॉल खेळायचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचे ३८ गोल, आणि लक्ष्मणनं खाल्ले शून्य. झाली का पंचाईत! दोघांचं शून्यच.

मी दोन्ही वर्षांचे सामने शेजारी शेजारी लिहिले. ॲलनच्या वेळी ६-०, ९-०, ५-०, ६-० आणि अंतिम सामना नेदरलँड्सशी ३-०. लक्ष्मणच्या वेळी १४-०, १६-०, ६-०, मग उपांत्य सामना जर्मनीशी १-० आणि अंतिम सामना पाकिस्तानशी १-०. बेरजा मुलांनीच केल्या. तेवढ्यात ती मुलगी, जी दोन दिवस गप्प होती, जागेवरूनच म्हणाली, “सोळा-शून्यच्या मॅचमध्ये गोलकीपरकडं बॉल आला तरी किती वेळा आसंल?”

वर्ग शांत. खरं सांगते, मी चर्चेसाठी काढून ठेवलेल्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

बर्फावरच्या हॉकीत हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे. तिथे मार्टिन ब्रोदर नावाच्या गोलरक्षकानं ६९१ सामने जिंकले, १२५ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. दोन्ही विक्रम. तरी कितीतरी जण म्हणतात की डॉमिनिक हासेक त्याच्याहून भारी. कारण ब्रोदरच्या पुढचा बचाव भक्कम, त्याच्यापर्यंत बॉल (तिथे चपटी रबरी चकती असते) कमीच यायचा. हासेककडे आलेल्या दर १०० फटक्यांमागे साधारण ९२ त्यानं अडवले. तिथे आलेले किती आणि अडवलेले किती, दोन्ही लिहून ठेवतात. शेकडेवारी शिकवायला मला तर नफा-तोट्यापेक्षा हे उदाहरण बरं वाटलं.

ॲलनला मात्र कमी लेखू नका. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला भारतानं अमेरिकेला २४-१ असं हरवलं. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन गोलच्या मागे लोकांना सह्या देत होता असं सांगतात. मुलं हसून हसून लोटपोट! पण त्या किश्श्यातच उत्तर आहे. ज्याच्याकडे बॉलच येत नाही त्याचं शून्य कशानं मोजायचं?

मग आम्ही व्हरांड्याच्या भिंतीवर खडूनं हॉकीचा गोल आखला. रुंदी ३.६६ मीटर, उंची २.१४ मीटर, म्हणजे बारा फूट बाय सात फूट. त्याच्या आत बर्फावरच्या हॉकीचा सहा बाय चार फुटांचा. मोठ्या चौकटीपुढे एकेकाला हात पसरून उभं केलं. दोन्ही बाजूंना किती जागा उरते ते बघून सगळ्यात बडबड्या पोराचाही आवाज बसला. हे करून बघाच, खर्च फक्त खडूचा.

श्रीजेशची बाजू जोरात होती, कारण मुलांनी त्याला मोबाइलवर पाहिलंय. पॅरिस २०२४, ग्रेट ब्रिटनशी उपांत्यपूर्व सामना. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, उरलेला सगळा सामना दहा जणांवर. तरी १-१ बरोबरी आणि मग शूटआउट ४-२. तिथे बॉल येतच राहिला होता! मुलींच्या गटानं सविता पुनियाला धरलं. टोकियोत ऑस्ट्रेलियानं सात पेनल्टी कॉर्नर मिळवले, एकही आत गेला नाही, भारत १-० जिंकला. “सात!” असं बोटं दाखवून त्या ओरडत होत्या.

मतदान झालं. श्रीजेश ९, सविता ६, लक्ष्मण ३, ॲलन १. माझं मत मी लक्ष्मणला दिलं. १९५६ ला शेवटचे दोन सामने १-०, १९६४ ला टोकियोत अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशी आणि पुन्हा १-०. एक चूक झाली की सगळं गेलं, अशा सामन्यांत आणि आजच्यासारखं हेल्मेट-चिलखत नसताना ते उभे राहिले. मुलांना हे पटलं नाही. “तुम्ही तरी कुठं बघितलाय त्यांना?” असं ऐकावं लागलं.

आमच्या त्या मॅचमध्ये तिच्याकडे बॉल किती वेळा आला होता, हे मला आठवेना. कुणालाच आठवेना. पाच आत गेले एवढंच सगळ्यांना पाठ. तिला मी वर्गासमोरच म्हटलं, “त्या दिवशी मी चुकीचं बोलले.” ती काही बोलली नाही, पण खेळाच्या तासाला आली.

आता खेळाच्या तासाला पाटीवर दोन रकाने असतात, आलेले आणि अडवलेले. लिहिणारा रोज वेगळा. परवा तासानंतर पाटीवर होतं, आलेले १४, अडवलेले १०. तिनं पाटी बघितली, हातानं १४ पुसलं, १५ केलं, अडवलेल्यांत ११ केलं. “एक नडगीला लागून गेला मॅडम,” म्हणाली, आणि सलवार वर करून वळ दाखवला.