सरांनी मागितलेला हिशेब

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मी रुजू झाले तेव्हा काम एवढंच होतं: रुग्णालयांतून, कारखान्यांतून आलेले, किरणोत्सर्गाचा डोस मोजणारे टीएलडी बॅज उघडायचे, आतली कार्डं यंत्रात घालायची, आकडे नोंदवायचे. कार्डावर तीन पांढऱ्या चकत्या असतात, टेफ्लॉन आणि डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या. किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यांत अडकून राहते. चकती तापवली की उजेड होऊन बाहेर पडते. उजेडावरून डोस कळतो. रोज तेच करून मला कंटाळा यायचा.

आमच्या विभागातल्या सरांनी तो हेरला असावा. एका दुपारी त्यांनी एक हंगेरियन शोधनिबंध पुढे ठेवला. बुडापेस्टमध्ये बनवलेलं ‘पिल्ले’ हे डोस मोजणारं उपकरण 1980 साली अंतराळवीर बेर्तालान फार्काश यांनी साल्युत-6 या अवकाश स्थानकावर नेलं होतं. अशा मापकांचं वाचन तोवर पृथ्वीवर परतल्यावर होई. हे तिथल्या तिथे डोस सांगे. 1984 मध्ये सॅली राइड यांनी ते चॅलेंजर यानातूनही नेलं. आणि त्याच्या बल्बमध्ये माझ्या हाताखालचंच कॅल्शियम सल्फेट होतं!

“अगं, वरच्या माणसाला आजचा डोस आजच कळायला हवा,” सर म्हणाले. “ऑगस्ट 1972 मध्ये सूर्यावर वादळ झालं, तेव्हा अपोलो-16 परतलं होतं आणि 17 निघायचं होतं. चंद्रावर कुणी असतं तर?”

अवकाश स्थानकावर दिवसाला साधारण अर्धा मिलिसीव्हर्ट डोस बसतो. आपल्याकडे किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी 20 ची मर्यादा आहे. म्हणजे चाळीसेक दिवसांत अंतराळवीर ती गाठतो. जड अणुकेंद्रकांचा डोस या चकत्या कमी दाखवतात, म्हणून सोबत प्लॅस्टिकचे मापक लागतात, हेही सरांनीच बजावलं.

त्यानंतर मला कार्डामागचा माणूस दिसू लागला. आकडा जास्त आला की बॅज अंगावर होता की एक्स-रेच्या खोलीत राहिला होता, याचा छडा लागेपर्यंत सर नोंदवही मिटू देत नसत. माझ्या नोकरीला अर्थ आला तो त्यांच्यामुळे. 2025 च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला आणि हंगेरीचे तिबोर कापू एकाच यानातून स्थानकावर गेले. ते पाहायला सर असायला हवे होते.

एक्स-रे विभागात काम करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, बॅज खणात ठेवू नका, छातीवर लावा.